मेपलच्या भट्टीचं अस्तर

(दृश्य: बर्फातलं लाकडी शुगरहाउस, म्हणजे मेपलचा रस आटवायची खोपी, छपराच्या झडपांतून वाफेचे लोट)

रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असे काही आठवडे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या वाट्याला येतात. तेवढ्यातच मेपलच्या झाडांना रस सुटतो. या रसात साखर जेमतेम २ टक्के. उसाच्या रसात ती १५ ते २० टक्के असते, म्हणून गुऱ्हाळवाल्याला हे गणित ऐकून घाम फुटेल: १ लिटर सिरपसाठी, म्हणजे काकवीसारख्या पाकासाठी, सुमारे ४० लिटर रस आटवायचा. जळण लाकडाचं. भट्टीच्या पत्र्यातून बाहेर गेलेली उष्णता म्हणजे फुकट जळालेलं सरपण.

काहिलीखाली जसं चुलवाण, तशी इथं चपट्या कढयांखाली पत्र्याची लांबट भट्टी. तिला तिकडे ‘आर्च’ म्हणतात. उष्णता आत राखायला तिला आतून विटा आणि ब्लँकेटचं अस्तर कसं लावायचं, ते बघू. आपण २ फूट रुंद, ६ फूट लांब भट्टी घेतली आहे. पुढचे अडीच फूट जाळाचे. त्यावर सपाट तळाची सिरपची कढई. मागे खोल पन्हळींची कढई, जिच्या पन्हळींमधून जाळ धुराड्याकडे ओढला जातो.

(दृश्य: टेबलावर वीट आणि पांढऱ्या ब्लँकेटचा तुकडा, शेजारी शेजारी)

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे. फायरब्रिक, म्हणजे भट्टीची वीट, उष्णता अडवत नाही. ती उष्णता सोसते. लाकडाचा मार, राख, जाळाची झळ, हे सगळं अंगावर घेणं हे विटेचं काम. अडवण्याचं काम सिरॅमिक ब्लँकेटचं, म्हणजे जाळ सोसणाऱ्या तंतूंच्या गादीचं: १ इंच ब्लँकेट जितकी उष्णता रोखतं, तितकी रोखायला भरीव विटेची सहा-सात इंच जाडी लागेल. म्हणून क्रम ठरलेला आहे. पत्रा, त्याला लागून ब्लँकेट, आणि जाळाकडे वीट. उघडं ब्लँकेट पहिल्याच ओंडक्याच्या टोकानं फाटतं. उलट, हलकी सच्छिद्र वीट उष्णता छान अडवते, पण लाकूड आपटलं की तिचे कोपरे उडतात. ती जाळाच्या पेटीत नको. घराची लाल वीट तर नकोच, तिचे पापुद्रे सुटतात.

वीट अर्ध्या जाडीची घ्यायची: ९ बाय साडेचार इंच, जाडी सव्वा इंच. एका चौरस फुटाला साडेतीन विटा बसतात. दोन्ही बाजू, दाराभोवतीची भिंत आणि मागचा उतार मिळून साडेतेरा चौरस फूट होतात. म्हणजे ४८ विटा. कापताना फुटतील म्हणून ५४ आणा. ब्लँकेट १ इंच जाडीचं, १२६० अंश सेल्सिअस सोसणारं. २ फूट रुंद, २५ फूट लांबीचा एक रोल पुरून उरतो.

ब्लँकेट कापण्याआधी मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत. जुनं, जळलेलं ब्लँकेट काढताना आणखी जपायचं, कारण तापून त्यात सिलिकाचे स्फटिक तयार झालेले असतात. ते आधी पाण्यानं भिजवायचं. झाडूनं झाडायचं नाही.

(दृश्य: भट्टीच्या आत, पहिला थर)

ब्लँकेट पत्र्याला टेकवून उभं करा. विटेनं ते हलकं दाबलं जावं, चेपलं जाऊ नये, कारण उष्णता अडवते ती आतली हवा. विटा सांधेमोड करून लावा, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. सांध्यात रिफ्रॅक्टरी मॉर्टर (उष्णता सोसणारा माल), जाडी २ ते ३ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. जाड सांधा सुकताना आकसतो आणि गळून पडतो. साध्या सिमेंटचा माल या उष्णतेत भुसभुशीत होतो.

लाकूड ज्यावर जळतं त्या बिडाच्या जाळीभोवती पाव इंच मोकळं सोडा. २ फुटांची जाळी लालबुंद तापली की साधारण ४ मिलिमीटर वाढते. जागा नसेल तर ती भिंतच ढकलते, आणि मग दोष मात्र मॉर्टरला दिला जातो.

वरचा थर नीट बघा. दोन्ही बाजूंचं ब्लँकेट आणि वीट मिळून साडेचार इंच रुंदी खातात. २४ इंचांत साडेचार! वीट सरळ वरपर्यंत नेली तर कढईच्या दोन्ही कडा जाळाला मुकतात. म्हणून शेवटची वीट बाहेरच्या बाजूला तिरकी कापून जाळाला वाट द्यायची. तिचा माथा कढईच्या रुळापेक्षा किंचित खाली हवा, नाहीतर कढई रुळावर न बसता विटांवर डुगडुगते. रुळावर ब्लँकेटची पट्टी अंथरा. तिथून थंड हवा आत शिरली की उकळी मंदावते.

जाळाच्या पेटीमागे उतार चढवत न्यायचा, आत व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारं हलकं खनिज) भरून, वर ब्लँकेट आणि सुरुवातीच्या भागात वीट. पन्हळींच्या तळापासून १ इंच अंतर ठेवा. खड्डा तसाच सोडला तर जाळ पन्हळींत न शिरता खालून सरळ धुराड्यात जातो, आणि लाकूड कितीही घाला, मागची कढई कोमटच.

(दृश्य: दारातून दिसणारा लहानसा जाळ)

मॉर्टर एक दिवस सुकू द्या. मग काटक्यांचा अर्ध्या तासाचा जाळ, आणि भट्टी पूर्ण गार. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. तिसऱ्यांदा पूर्ण. घाई केली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन सांधे उकलतात, कधी विटेचा टवकाच उडतो. या प्रत्येक जाळाला कढयांत २ इंच पाणी हवंच. कोरडी कढई वाकडी व्हायला दोन-चार मिनिटं पुरतात.

केसाएवढ्या भेगा पडतील, त्या राहू द्या. हलणारी वीट मात्र काढून पुन्हा बसवा. हंगाम संपला की राख त्याच आठवड्यात उपसा. दमट राख उन्हाळाभर जाळीला गंज चढवत बसते.