फ्रिजवरचे दोन रकाने

उपस्थित रसिकहो,

गेल्या रविवारी आमच्या घरी वाद झाला आणि त्याचे कारण होते कागदाचे एक चिटोरे. उन्हाळा जवळ आला की लंडनमध्ये कुठे, कधी जायचे हे आधीच ठरवावे लागते, म्हणून तेरा वर्षांच्या लेकीला मी येत्या महिन्यांतल्या कार्यक्रमांची यादी करायला सांगितली. तिने दोन रकाने आखले. एकावर लिहिले ‘ऐकायला’ आणि दुसऱ्यावर ‘जावे लागते म्हणून’. पहिल्या रकान्यात रॉयल अल्बर्ट हॉलचे प्रॉम्स (पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या उन्हाळी मैफली) होते, ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चमधल्या दुपारच्या मैफली होत्या आणि बार्बिकन कलाकेंद्रातला भारतीय शास्त्रीय संगीताचा दरबार महोत्सवही होता. दुसऱ्या रकान्यात एकच नोंद होती: आपल्या मराठी मंडळाची नाट्यसंगीताची मैफल.

दरबारला ख्याल ऐकायला ती आपणहून येते, त्यामुळे ‘या मुलांना आपले संगीतच नको’ असे म्हणून मोकळे होण्याची सोयही तिने मला ठेवली नव्हती. मी चिडून कारण विचारले, तर म्हणाली, “आई, तिथे सगळे ऐकतात. मंडळात तूसुद्धा बोलत असतेस.”

हे खोटे कसे म्हणू? गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेत रुमाल टाकून धरलेल्या जागेवर बसून मी शेजारच्या वहिनींशी घराच्या कर्जाचे हप्ते या विषयावर बोलत होते. गायिका समेवर आली तेव्हा आम्ही दोघींनी एकदम ‘वा!’ म्हटले, पण ती दाद व्याजदर उतरल्याची होती. त्याच मैफलीत मध्यंतराआधीच निम्मे सभागृह वड्यांच्या वासामागे बाहेर गेले होते, हे आयोजकांना आठवत असेल. वडे संपले होते, हे मला आठवते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रमणबागेत शाल पांघरून पहाटेपर्यंत बसणारे आपणच ना? की तेव्हाही आपले निम्मे लक्ष चहाच्या स्टॉलकडेच असे?

इथल्या लोकांना शांतपणे ऐकण्याची देणगी उपजतच मिळाली आहे, असे मी बरीच वर्षे समजत होते. तसे नाही. 1895 साली क्वीन्स हॉलमध्ये प्रॉम्स सुरू झाले तेव्हा उभ्याने ऐकण्याचे तिकीट एक शिलिंग होते आणि सभागृहात खाणे, पिणे, धूम्रपान सगळे चालत असे. गाणे चालू असताना काड्या ओढू नयेत, एवढी विनंती मात्र असे. आयोजक रॉबर्ट न्यूमन आणि वाद्यवृंदाचे संचालक हेन्री वूड यांनी लोकांना आधी रुचेल ते ऐकवत हळूहळू अवघड संगीताकडे वळवले. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जमीनदोस्त झाला आणि प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले, पण उभ्याने स्वस्तात ऐकण्याची प्रथा टिकली. आजही दहा पौंडांच्या आत मिळणाऱ्या तिकिटावर शेकडो माणसे वादकांच्या पुढ्यात दोन-दोन तास उभी राहतात. गेल्या उन्हाळ्यात मीही लेकीबरोबर उभी राहिले. पाय भरून आले, सिम्फनीचा तिसरा भाग कुठे संपला आणि चौथा कुठे सुरू झाला ते मला कळले नाही आणि भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवणारी मी एकटीच निघाले. लेक चार पावले दूर सरकली. ही बाई आपली नव्हे, असा चेहरा करून.

पुढची रांग राखीव ठेवण्यावरून आपल्या कार्यकारिणीत जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा आपण कलाकाराने काय गावे, किती वेळ गावे, मुलांना आधी काय सांगावे यासाठी काढू शकत नाही का? आपण मुलांना कार्यक्रमात निवेदन करायला उभे करतो, नऊवारी नेसवून फोटो काढतो आणि गाणे सुरू झाले की खेळायला बाहेर पाठवतो. मग त्यांनी ऐकायचे कुणाकडून शिकावे? मी स्वतः हेच केले आहे, म्हणून हे अधिकारवाणीने सांगू शकते.

तो कागद अजून फ्रिजवर आहे. ऑगस्टमध्ये आपल्या मैफलीच्याच संध्याकाळी एक प्रॉम आहे आणि या वर्षी मैत्रिणीबरोबर तिथे जाऊ का, असे लेकीने विचारले आहे. ‘नाही’ म्हटले तर ती मुकाट्याने मंडळात येईल, माझ्या शेजारी बसेल आणि तिचा दुसरा रकाना खरा ठरेल. ‘हो’ म्हटले तर पुढच्या वर्षी ती विचारणारही नाही, अशी मला भीती वाटते. तिला मी अजून उत्तर दिलेले नाही.