मुंबई दहा तास, लंडन पण दहा तास

वडगावातलं घर, रात्रीचे आठ. आक्कांची बॅग वजनकाट्यावर २३ किलोच्या वर जाऊन बसलीय आणि कुंद्याच्या मिठाईचा डबा काही बाहेर निघायला तयार नाही, शेवटी स्वेटर निघाला. लंडनला चाललेली बाई स्वेटर ठेवून कुंदा नेते, हे आमच्या बेळगावातच.

मुलगी तिकडं, विमान मुंबईवरनं. आता आमच्या सांबरा विमानतळावरनं मुंबई हवेतनं जेमतेम ४०० किलोमीटर, सव्वा तासात उतरलोच. आणि सांबरा काय आजचं नाही, १९४२ ला ब्रिटिश हवाई दलानं बांधलेलं. पण वेळ जुळंना, म्हणून आक्का स्लीपर बसनं. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे करत ५०० च्या आसपास किलोमीटर, दहा-अकरा तास. पुढं मुंबई ते लंडन ७२०० किलोमीटर, ते पण दहा तासच!

आक्का तिकीट बघून म्हणाल्या, "दुपारी दीडला सुटतंय, संध्याकाळी सातला पोचतंय, साडेपाच तासच की ओ!" तसं नाही, दीड मुंबईच्या घड्याळात आणि सात लंडनच्या, उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं असतं, थंडीत साडेपाच.

मग पुतण्यानं शाळेचा पृथ्वीगोल काढला. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-लंडन सरळ रेघ मारली तर मध्ये सीरिया लागतो, पण गोलावर दोरा ताणला की तो वर सरकतो आणि बरोबर मधोमध येतं जॉर्जियातलं तिबिलिसी. सपाट नकाशा उत्तरेकडं ताणलेला असतो, म्हणून वाकडी दिसणारी वाटच जवळची. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरनं जात नाही. एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि वळसे वाढले, म्हणजे वेळ पण वाढला, इंधन पण.

आणि खरा घोळ घालतो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोरात वाहणारा पट्टा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, थंडीत ताशी २०० किलोमीटरच्या पण वर जातो. विमानाचा स्पीड ९०० धरा, समोरनं सरासरी १०० चा वारा आला तर जमिनीवरच्या हिशोबानं उरले ८००, म्हणजे आठ तासांचे झाले नऊ, वर धावपट्टीवरची रांग, चढणं-उतरणं. श्रावणात कॅम्पातनं वाऱ्याच्या तोंडाला सायकल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको. येताना तोच वारा पाठीमागनं ढकलतो, तासभर तरी वाचतो.

आक्कांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं, डब्याला आणखी एक दोरी बांधली.

"तासभर कमी बसायचं, मग परतीचं तिकीट स्वस्त नको काय ओ?"