भावकीतला शेवटचा डाव

श्रोतेहो, नमस्कार.

फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला १९३० साली. त्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी, २६ जानेवारी १८८४ ला, बेलफास्टमध्ये स्कॉटलंडनं आयर्लंडला पाच-शून्य असं धुतलं. ब्रिटिश होम चॅम्पियनशिपचा तो पहिला सामना.

संघ चारच. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड, म्हणजे पुढचं उत्तर आयर्लंड. राणी सगळ्यांची एकच, पण फुटबॉलच्या चुली चार. प्रत्येकानं बाकी तिघांशी एकेकदा खेळायचं, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. आणि भावकीतली चुरस कशी असते, ते तुम्हाला मी काय सांगावं! १९३७ ला स्कॉटलंडच्या घरच्या मैदानावर, हॅम्पडेन पार्कवर, स्कॉटलंड-इंग्लंड सामना बघायला दीड लाखाच्या आसपास माणसं लोटली होती.

मान तर इतका, की विचारू नका. १९५० च्या वर्ल्ड कपसाठी या स्पर्धेतले पहिले दोन संघ घेऊ, असं फिफानं कळवलं होतं. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेनं आधीच जाहीर केलं, की जाऊ तर विजेते म्हणूनच. शेवटच्या सामन्यात इंग्लंडनं त्यांना हॅम्पडेनवरच एक-शून्य हरवलं. दुसरा क्रमांक हातात होता, तरी ते ब्राझीलला गेले नाहीत. याला बाणा म्हणायचं की आडमुठेपणा? मी तरी आडमुठेपणाच म्हणेन.

पुढे दिवस पालटले. १९८१ साली उत्तर आयर्लंडमध्ये तुरुंगातली उपोषणं आणि मृत्यू यांनी वातावरण पेटलेलं. इंग्लंड आणि वेल्सनं बेलफास्टला जायला नकार दिला आणि त्या वर्षीची स्पर्धा अर्धवट राहिली. त्यात घटती गर्दी, मैदानाबाहेरची हाणामारी. शेवटी इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन थोरल्यांनी सांगून टाकलं, १९८३-८४ नंतर आम्ही यात नाही. धाकट्या दोघांचं मात्र नुकसान होतं. थोरल्यांशी सामना म्हणजे त्यांच्या तिकीटखिडकीवरचा हमखास गल्ला.

आता ती शेवटची स्पर्धा ऐका. उत्तर आयर्लंडनं स्कॉटलंडला दोन-शून्य हरवलं. इंग्लंडनं उत्तर आयर्लंडला, वेल्सनं इंग्लंडला, स्कॉटलंडनं वेल्सला. वेल्समधल्या स्वॉन्झीला वेल्स आणि उत्तर आयर्लंड एक-एक बरोबरीत सुटले. उरला २६ मे १९८४ चा हॅम्पडेनवरचा सामना. गणित सोपं होतं. दोन्ही थोरल्यांचे दोन-दोन गुण, धाकट्यांचे तीन-तीन. थोरल्यांपैकी जो जिंकेल, चषक त्याचा.

स्कॉटलंडच्या मार्क मॅघीनं गोल केला. इंग्लंडच्या टोनी वुडकॉकनं तो फेडला. हे सगळं मध्यंतराआधीच झालं, आणि नंतरची पंचेचाळीस मिनिटं कोणालाही काही जमलं नाही. एक-एक.

चारही संघ तीन-तीन गुणांवर! मग गोलफरक मोजला, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. उत्तर आयर्लंड एकनं पुढे, वेल्स आणि इंग्लंड शून्यावर, स्कॉटलंड एकनं मागे. वेल्सनं इंग्लंडपेक्षा एक गोल जास्त मारला होता, म्हणून दुसरा नंबर वेल्सचा. ज्यांना थोरल्यांनी वाटेला लावलं होतं, तेच दोघे पहिले आणि दुसरे.

राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ साली घडवलेला तो चषक बेलफास्टला गेला आणि कायमचा तिथेच राहिला. मला चुटपुट लागते ती वेल्सची. १९३७ नंतर त्यांना एकट्यानं हा चषक कधी मिळाला नव्हता, आणि स्वॉन्झीच्या त्या सामन्यात त्यांचा आणखी एकच गोल झाला असता, तर...