जुन्या गाडीच्या इंजेक्शन यंत्रणेतील वायरिंगचे दोष

१९६७ साली फोक्सवागन १६०० या गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंजिनाला पेट्रोल फवारून देणारी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आली आणि १९७०च्या दशकात तिच्या पाठोपाठ एल-जेट्रॉनिक आली. अशा गाड्या बिघडल्या की पहिला आळ हमखास कंट्रोल युनिटवर, म्हणजे किती पेट्रोल सोडायचे हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर येतो. महागडी पेटी बदलली जाते आणि गाडीचे रडगाणे मात्र तसेच चालू राहते. माझे म्हणणे एवढेच, की पेटीला हात लावण्याआधी तिच्याकडे जाणाऱ्या वायरी आणि अर्थचे (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या बाजूचे) जोड तपासावेत, आणि जिथे जास्त प्रवाह लागतो तिथली तपासणी प्रवाह चालू असतानाच करावी.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते बीप वाजवून सांगणाऱ्या सेटिंगवर) लावला की तो वायरीतून अगदी क्षीण प्रवाह सोडतो. त्यामुळे आतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी तो बीप वाजवून मोकळा होतो. आता इंधन पंपाचा विचार करा. पंप सहा अँपिअर घेत असेल आणि वाटेतल्या गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध असेल, तर तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, बारा व्होल्टच्या बॅटरीतून पंपापर्यंत नऊच पोहोचतात, आणि त्या जोडात अठरा वॉट उष्णता निर्माण होते. कनेक्टरचे प्लास्टिक तपकिरी झालेले दिसते ते यामुळेच. म्हणून पंप चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे पंपाच्या पॉझिटिव्हला लावावे. जो आकडा दिसेल तो वाटेतला तोटा. निगेटिव्ह बाजूलाही हेच करावे, कारण अर्थकडे सहसा कोणी बघत नाही. तोटा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला, तर एकेक जोड ओलांडत मोजत जावे. आकडा जिथे एकदम उडी घेतो तिथे दोष आहे.

इंजिनाच्या तापमानाच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असल्याने तिथे रोध मोजणेच योग्य. वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असलेला हा रोध ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. इंजिन तापल्यावर इग्निशन बंद करून, बॅटरी सोडवून मगच कंट्रोल युनिटचा प्लग काढावा आणि तिथून रोध मोजावा. सेन्सरवर तीनशे आणि प्लगवर हजार दिसत असतील, तर सेन्सर निर्दोष आहे, वायर दोषी आहे. वायर पूर्ण तुटली असेल, तर युनिटला इंजिन कडाक्याच्या थंडीत असल्यासारखे वाटते, ते जादा पेट्रोल सोडत राहते, स्पार्क प्लग काजळतात, काळा धूर निघतो. आणि लोक इंजेक्टर बदलत बसतात!

इंजिनाच्या उष्णतेने वायरीचे आवरण कनेक्टरच्या मानेशी कडक होऊन तडकते. तेव्हा इंजिन चालू ठेवून ही मान हलक्या हाताने हलवून पाहावी. इंजिन अडखळले, तर केवळ टेप गुंडाळून भागवू नये. तेवढा तुकडा कापून नवे टर्मिनल क्रिंप करावे, म्हणजे वायरीवर दाबून घट्ट बसवावे.