रेडिओ बोटीत नको, अंगावर हवा

लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या खिशात हा जाडजूड संच बघा. वर आखूड अँटेना, कडेला बोलायचं बटण आणि जॅकेटच्या कडीला बांधलेली दोरी. हातात मावणारा सागरी व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या लहरींवर चालणारा, रेडिओ.

दोरी कशाला, ते आता दिसेल. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी बोट, उलटली. माणूस पाण्यात, आणि रिकामी कयाक वाऱ्याबरोबर निघालीसुद्धा. पोहून तिला गाठणं भल्याभल्यांना जमत नाही. रेडिओ तिच्या कप्प्यात ठेवला असता, तर आता तोही गेला असता.

‘मोबाइल आहे की!’ असं हमखास ऐकू येतं. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, हे एक. शिवाय फोन एकालाच लागतो. चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर दिलेली हाक मात्र टप्प्यातल्या कान लावून बसलेल्या प्रत्येकाला जाते. किनाऱ्यावरचं केंद्र लांब असेल, पण मासेमारीची एखादी बोट जवळच असू शकते.

हा टप्पा किती, याबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा बाक आडवा येतो. कयाकमध्ये बसलेल्या माणसाची अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर. दोन कयाकमध्ये सात-आठ किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. तीच हाक टेकडीवरच्या शंभर मीटर उंच अँटेनाला मात्र चाळीस किलोमीटरवरूनही गाठू शकते. वॅटचे आकडे बघून रेडिओ घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: उंची जास्त कामाची. म्हणून संच उभा धरायचा, जमेल तितका वर. आपसातल्या गप्पांना एक वॅट पुरतो, बॅटरी वाचते.

जीव धोक्यात असेल तर पूर्ण शक्ती, चॅनल 16. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. ‘मेडे, मेडे, मेडे.’ बोटीचं नाव तीनदा. लगेच ठिकाण, कारण पुढचं वाक्य लाटेत बुडालं तरी ठिकाण पोचलेलं असावं. मग काय झालं, माणसं किती. आणि बटण सोडा! घाबरलेल्या माणसाची बोटं तिथेच आवळलेली राहतात. दाबलेल्या बटणावर उत्तर ऐकू येत नाही, वर इतरांचाही चॅनल अडतो.

वल्हं हरवलंय, पण जिवाला धोका नाही? मग ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा.

काही संचांवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की तुमची ओळख आणि जीपीएसवरचं ठिकाण चॅनल 70 वरून आपोआप जातं. ही ओळख म्हणजे नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक. तो रीतसर घेऊन संचात भरावा लागतो. नाहीतर ते बटण शोभेचं. भरताना आकडे दोनदा ताडून बघा. बऱ्याच संचांत चुकलेला क्रमांक घरच्या घरी बदलता येत नाही, संच कंपनीकडे पाठवावा लागतो.