३६ तासांच्या आधी

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. औषधांच्या बाटल्या, कानयंत्राच्या बारीक गोल बॅटऱ्या. एक हात चिकटपट्टीवर जाड पेनाने लिहितोय.]

चक्रीवादळ येतंय, घर सोडायची तयारी चाललीय. ही चिकटपट्टी आजींच्या व्हीलचेअरच्या पाठीला लागणार आहे. तिच्यावर आजींचं नाव आहे, मुलीचा फोन नंबर आहे आणि खुर्चीचं वजन आहे. वजन अशासाठी, की बॅटरीवर चालणारी खुर्ची शंभर किलोच्या वरही भरते. साध्या गाडीत ती दोघांनी उचलून ठेवू म्हटलं तरी जमत नाही. हे ऐन वेळी लक्षात आलं, तर खुर्ची घरीच राहते आणि आजी निवारा केंद्रातल्या खाटेवर अडकून पडतात. स्वच्छतागृहात जायचं तरी कुणाला तरी हाक मारायची.

[दृश्य: किनाऱ्यालगतचा रस्ता, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या.]

अमेरिकेत अटलांटिकच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या चक्रीवादळांचा हंगाम. वादळी वारे पोहोचण्याच्या साधारण ४८ तास आधी पहिली सूचना येते, ३६ तास आधी पक्का इशारा. धडधाकट माणसाला एवढा वेळ पुरतो. बॅगा भरल्या, पेट्रोल भरलं, निघाले. पण अंथरुणातून खुर्चीत यायलाच ज्यांना दोन माणसं लागतात, त्यांचा हा वेळ फोन लावण्यातच संपतो.

२९ ऑगस्ट २००५ला कतरिना नावाचं हरिकेन लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आलं. तिथे जे दगावले, त्यांतले जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. घर सोडा, असा आदेश निघाला होता. पण गाडी नसलेल्यांनी आणि जिना उतरता न येणाऱ्यांनी तो पाळायचा कसा?

महिनाही झाला नव्हता, तोच रीटा हे दुसरं हरिकेन आलं. कतरिनाची धास्ती ताजी होती, त्यामुळे टेक्सासमध्ये लोक वेळेत निघाले. एका वृद्धाश्रमातले रहिवासी बसने चालले होते. डॅलसजवळ बसच्या मागच्या चाकापाशी आग लागली. आत ऑक्सिजनच्या टाक्या होत्या. २३ वृद्ध गेले. वादळ तिथवर पोहोचलंही नव्हतं. ही घटना मला विसरता येत नाही. कुठली गाडी, ती तपासलीय का, रस्त्यात काही झालं तर उतरवणार कोण, हे निघण्याच्या किती तरी आधी कुणीतरी विचारायला हवं.

[दृश्य: डायलिसिसची खुर्ची, नळ्या, भिंतीवरचं घड्याळ.]

डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून तीनदा लागतं. वीज आणि पाणी गेलं की केंद्र बंद. म्हणून वादळ येण्याच्या आदल्या दिवशीच, ठरलेला दिवस नसला तरी, डायलिसिसची एक फेरी उरकून घेतात. २०१२च्या सँडी वादळात ज्यांनी असं केलं, त्यांना पुढे रुग्णालय कमी गाठावं लागलं. एका फोनचं काम आहे, पण तो केंद्र उघडं असतानाच करायला हवा.

फ्लोरिडात विशेष मदत लागणाऱ्यांची नावनोंदणी असते. ती शांत दिवसांतच करावी. आणि नाव नोंदवलं म्हणून गाडी दारात येईलच, असं धरून बसू नये. शेजारचं एक माणूस ठरलेलं असावं. त्याच्याकडे किल्ली हवी, आणि औषधं कुठल्या कपाटात आहेत हे त्याला माहीत हवं.

[दृश्य: न्यू ऑर्लिन्स. चकाकत्या पोलादाची, हात उंचावलेली आकृती.]

ही सुमारे १४ फुटी आकृती बसला हात दाखवतेय. गाडी नसलेल्यांनी जमायची जागा, अशी तिची खूण. शहराने अशी ठिकाणं आधीच ठरवून ठेवली आहेत.

[दृश्य: पुन्हा टेबल.]

तरीही पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात, मी नाही येत. त्याला हट्ट म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसून विचारलं की खरं कारण निघतं. अनोळखी जागी रात्री पडायची भीती असते. लोकांसमोर कपडे बदलायची लाज असते. कधी मांजर असतं. कतरिनात प्राण्यांपायी कितीतरी जण मागे राहिले. २००६मध्ये कायदा झाला आणि सुटकेच्या योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार करणं आलं.

या आजींचंही मांजरच आहे. पिंजरा आता दाराशी आलाय. चिकटपट्टीचा दुसरा तुकडा फाडून त्याच्यावरही तोच फोन नंबर लिहिला जातोय.