एन-टू झालं, पुढे काय? जपानची शिष्यवृत्ती आणि शिकवण्याच्या वाटा

(ठाण्यात जपानी शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जपानी शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. या पायऱ्या चढत जायच्या, एन-टू पदरात पडलं की शिष्यवृत्ती मिळतेच. हा हिशेब आधी पुसून टाका, कारण त्यापायी हुशार मुलांची वर्षं फुकट जातात. जपान सरकारची शिष्यवृत्ती ठरते ती तुमची पदवी कोणती आणि तुम्ही तिथे जाऊन नेमकं काय करणार यावर. भाषेची पातळी त्यात भर घालते, जागा मिळवून देत नाही.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या या शिष्यवृत्तीला हल्ली मेक्स्ट म्हणतात, जुनी मंडळी अजून मोम्बुशोच म्हणतात. तिचे प्रकार बरेच आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याची नजर पहिल्यांदा जाते ती ‘जॅपनीज स्टडीज’वर. मुदत साधारण एक वर्ष, महिन्याला १,१७,००० येन, ट्यूशन फी माफ, विमानाचं भाडं सरकारचं. वय तिशीच्या आत हवं. पण खरी अट पुढे आहे. तुम्ही भारतातल्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय घेऊन पदवीला शिकत असलं पाहिजे, आणि ते वर्ष संपल्यावर परत येऊन त्याच विद्यापीठात हजर व्हायचं असतं. ठाण्या-वाशीतली आपली बहुतेक मुलं बीकॉम नाहीतर इंजिनिअरिंग करतात आणि शनिवार-रविवारी खासगी क्लासला जातात. अशा मुलाकडे एन-वन असलं तरी तो या प्रकारात बसत नाही. ज्याला हीच वाट हवी आहे त्याने बारावीनंतरच ठरवावं. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची बीए आहे, दिल्लीत जेएनयू आहे, शांतिनिकेतनात विश्वभारती आहे.

मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ‘रिसर्च स्टुडंट’, म्हणजे पदवीनंतर संशोधनासाठी जाणाऱ्यांचा प्रकार. वय ३५ च्या आत. महिन्याला १,४३,००० येन, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश मिळाला की १,४४,०००, पीएचडीला १,४५,०००. आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीचं सूचनापत्रच प्रमाण माना. अर्ज साधारण एप्रिल-मे महिन्यांत निघतात, महाराष्ट्रातल्यांचे मुंबईत कंबाला हिलवरच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात. कागदपत्रांची छाननी, मग इंग्रजी आणि जपानीची लेखी परीक्षा, मग मुलाखत. यातून निवड झाली की तिकडच्या विद्यापीठाकडून ‘नाइदाकुशो’, म्हणजे तात्पुरतं संमतिपत्र, स्वतः मिळवायचं असतं, आणि त्यासाठी हातात जेमतेम काही आठवडे असतात. ऑगस्टात तिकडे उन्हाळी सुट्टी असते, प्राध्यापक जागेवर नसतात. निवड झाल्यावर प्राध्यापक शोधायला लागलात तर उशीर झालाच. कोणाच्या हाताखाली काम करायचं हे अर्ज भरतानाच ठरलेलं हवं, आणि त्या प्राध्यापकांचे चार-दोन शोधनिबंध वाचलेले हवेत.

आता संशोधन आराखडा. सगळ्यात जास्त अर्ज इथेच गळतात, म्हणून यावर थोडं थांबतो. विषय तुमच्या पदवीचा किंवा तिच्या जवळचा असावा लागतो, त्यामुळे बीकॉमवाल्याने एकदम जपानी साहित्यात उडी मारली तर ती टिकत नाही. उदाहरणादाखल सिव्हिल इंजिनिअर मुलगी घ्या. ‘जपानमधील पूरनियंत्रणाचा अभ्यास’ असं लिहिलं तर ते नुसतं शीर्षक झालं. तिने आपल्या दारातलं बघावं. नवी मुंबई खाडीला लागून, सखल जमिनीवर वसली आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी खाडीत जात नाही, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. या तलावांत गाळ साचला की त्यांची पाणी झेलण्याची ताकद किती घटते, हा झाला प्रश्न. भरतीची कोष्टकं, पावसाच्या नोंदी आणि तलावाच्या खोलीची मोजमापं, ही झाली सामग्री. आणि जपानच का? तर साइतामा प्रांतात कासुकाबेला ६.३ किलोमीटरचा भूमिगत पूरबोगदा २००६ पासून पूर्ण चालू आहे, तिथे पंप कधी सुरू करायचे याचं नियोजन शिकता येईल. प्रश्न, सामग्री, पद्धत, सहा-सहा महिन्यांचं वेळापत्रक आणि हे काम जपानमध्येच का, एवढ्या पाच गोष्टी दोन पानांत आल्या की परीक्षक वाचतात. ‘मला लहानपणापासून जपानी संस्कृतीची ओढ आहे’ हे वाक्य आराखड्यात घालू नका. ते खरं असतं, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही.

कागदपत्रांत आपल्याकडे हमखास अडतं ते नाव. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, पुढे आईचं. पासपोर्टवर त्यातलं काही असतं, काही नसतं. अर्जात सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, आणि फरक असेल तर एकाच व्यक्तीची ही दोन्ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा. विद्यापीठाच्या कलिन्याच्या कार्यालयातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज जानेवारीतच टाका. शिफारसपत्र ठरलेल्या नमुन्यात हवं असतं. सरांना कोरा कागद देऊ नका, नमुना द्या आणि सोबत आराखड्याची प्रतही द्या, म्हणजे पत्रात नुसती स्तुती न येता कामाचं बोलणं येतं.

स्वखर्चाने जाणाऱ्यांबद्दल पालकांनी नीट ऐकावं. भाषाशाळेत जायचं तर एन-फाइव्ह किंवा साधारण १५० तास जपानी शिकल्याचा पुरावा लागतो, आणि खर्च उचलणाऱ्या पालकांचे उत्पन्नाचे कागद लागतात. त्यावर ‘सीओई’, म्हणजे निवास-पात्रतेचं प्रमाणपत्र येतं आणि त्याच्यावर व्हिसा मिळतो. ‘पार्ट-टाइममध्ये सगळं भागतं’ असं कोणी सांगितलं तर कागदावर आकडेमोड करा. परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं, फक्त शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. ऑक्टोबर २०२४ चा टोकियोचा किमान दर ताशी १,१६३ येन धरला, तर महिन्याचे फार तर १,४०,००० येनांच्या आसपास होतात, तेही पूर्ण तास मिळाले तर. त्यात भाडं आणि जेवण कसंबसं निघेल, फी निघणार नाही. तास ओलांडले की व्हिसा वाढवताना ते उघडकीला येतं आणि शिक्षण अर्ध्यात सुटतं. तिथे पोचल्यावर स्वखर्चाच्या विद्यार्थ्यांना शाळा किंवा विद्यापीठामार्फत जासो या जपानच्या विद्यार्थी-सहाय्य संस्थेची शिष्यवृत्ती मिळू शकते. भाषाशाळेला महिन्याला ३०,००० येन, विद्यापीठात ४८,०००. हजेरी चांगली नसेल तर शाळा नाव पुढे पाठवतच नाही.

शिकवण्याच्या बाजूला आपल्याकडे माणसं खरोखर कमी पडतात. सीबीएसईत २००६ पासून जपानी आहे. २०१७ मध्ये भारत आणि जपान सरकारांनी हजार शिक्षक तयार करण्याचं उद्दिष्ट ठरवलं आणि पुढच्या वर्षी दिल्लीत शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. शिकवायला लागलेल्यांसाठी जपान फाउंडेशन या जपानी भाषा-संस्कृतीचा प्रसार करणाऱ्या संस्थेचं, टोकियोजवळच्या उरावा इथल्या केंद्रातलं प्रशिक्षण आहे. शाळेत पाच वर्षं शिकवलेल्या, ३५ च्या आतल्या शिक्षकांना मेक्स्टची दीड वर्षाची ‘टीचर ट्रेनिंग’ शिष्यवृत्ती आहे. तिला जपानीचेच शिक्षक असण्याची अट नाही. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनीही तिचा विचार करावा. जपानमध्येच जपानी शिकवायचं असेल तर एप्रिल २०२४ पासून तिथे नोंदणीकृत शिक्षकाची राष्ट्रीय पात्रता आली आहे. परदेशी माणूसही ती मिळवू शकतो, पण परीक्षा आणि प्रात्यक्षिक दोन्ही जपानीतून, त्यामुळे एन-वनच्या पुढची तयारी हवी.

क्लासमध्ये किंवा शाळेत नोकरी मागायला गेलात की डेमो लेसन घ्यायला लावतात. जेएलपीटीत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही, सगळे पर्यायी प्रश्न. म्हणून एन-टूवालेसुद्धा फळ्यापुढे अडखळतात. नेहमीची चूक अशी की पंधरा मिनिटांतली बारा मिनिटं मराठीतून व्याकरण समजावण्यात जातात. एकच रचना घ्या, ‘ते कुदासाई’ची, म्हणजे ‘कृपया करा’ची, विनंती पुरेशी आहे. दार उघडा, खिडकी लावा, नाव लिहा, हे आधी स्वतः करून दाखवा. मग मुलांना एकमेकांना सांगायला लावा. नियम शेवटच्या तीन मिनिटांत फळ्यावर लिहा. तोवर वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडून ती रचना निदान दोनदा गेलेली असली पाहिजे. निवड करणारे मागच्या बाकावर बसून तेवढंच मोजत असतात.